चुकारा कधी?

खामगावच्या यार्डात हर्रास झाली, पोती काट्यावरून उतरली, की शेतकऱ्याच्या तोंडी एकच प्रश्न असतो: चुकारा कधी? काटापट्टी चार घड्या घालून वरच्या खिशात, हात अधूनमधून खिशावर. धान्य जहाजाने जातं तेव्हाही भांडण याच प्रश्नावरून पेटतं.

वऱ्हाड पुढे होता. देशातला पहिला नियंत्रित बाजार 1886 साली कारंजात सुरू झाला. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदाच आला. खामगावचा बुलढाणा जिल्हा तेव्हा वऱ्हाडातच होता. आजही बाजार समितीचा नियम सांगतो की ज्या दिवशी विक्री, त्याच दिवशी चुकारा. हा नियम सगळीकडे पाळला जायलाच हवा.

बँक दाणा बघत नाही. निर्यातीत पैसे बहुधा लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर मिळतात. बँक फक्त कागद तपासते, त्यासाठी तिला कामकाजाचे 5 दिवस. माल चढल्यापासून साधारण 21 दिवसांत कागद पोचले पाहिजेत. मका कितीही टपोरा असो, बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल चढल्याच्या पावतीवरची तारीख मुदतीबाहेरची निघाली की पैसे अडकले!

एका तारखेचं मोल. 13 मे 2022 रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. त्या तारखेपर्यंत पक्कं लेटर ऑफ क्रेडिट निघालेलं असेल, त्याला वाट मोकळी होती. मग मागच्या तारखेचे कागद येऊ लागल्याचा संशय आला आणि सरकारने प्रत्येक कागदाची प्रत्यक्ष पडताळणी सुरू केली.

उभ्या जहाजाचं भाडं. ठरल्या दिवसांत माल चढला-उतरला नाही की डेमरेज लागतं. एकदा ते लागलं की रविवार असो, पाऊस असो, मीटर सहसा थांबत नाही. काम लवकर आटोपलं तर उलट बक्षीस मिळतं, बहुधा डेमरेजच्या निम्म्या दराने.

30 लाखांचे 5 डॉलर. धान्याचे बरेच जागतिक तंटे लंडनच्या ‘गाफ्टा’ या धान्य व्यापार संघटनेकडे जातात. ही संस्था 1971 ची, पण तिची मुळं 1878 पर्यंत पोचतात. पंच याच धंद्यात मुरलेले असतात, आणि जो निकाल पाळत नाही त्याचं नाव सगळ्या सदस्यांना कळवता येतं. तिथून निघालेला एक खटला तर ऐकण्यासारखाच आहे. 2010 मध्ये दुष्काळामुळे रशियाने गव्हाची निर्यातबंदी जाहीर केली. बंदी लागू व्हायच्या आधीच ‘बुंगे’ कंपनीने ‘निदेरा’सोबतचा 25,000 टनांचा सौदा रद्द केला. निदेराने 30,62,500 डॉलर मागितले, आणि गाफ्टाच्या अपील मंडळाने ते मंजूरही केले. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2015 चा निकाल असा: घाई केली ही बुंगेची चूक, पण माल पाठवायच्या मुदतीत बंदी उठलीच नाही, म्हणजे गहू तसाही निघाला नसता. भरपाई 5 डॉलर!

लंडनचा निकाल, भारतात वसुली. 1958 चा न्यूयॉर्क करार भारताने 1960 मध्ये स्वीकारला, त्यामुळे असा लवादाचा निकाल इथल्या न्यायालयातून वसूल करता येतो.

विमा आहे, पण. परदेशी खरेदीदाराचं दिवाळं निघालं किंवा त्याने पैसे थकवले, तर 1957 पासूनची सरकारी ‘ईसीजीसी’ विमा देते. मात्र खरेदीदाराने “माल खराब होता” अशी तक्रार केली, तर तो वाद मिटेपर्यंत दावा सहसा अडतो. अशा वेळी कामी येते ती माल चढताना काढून सीलबंद केलेली नमुन्याची पिशवी. अख्ख्या जहाजाच्या वतीने तेवढेच दाणे साक्ष देतात.