माशाचा रंग आणि दिव्याचा उजेड

प्रवाळाच्या खडकांत राहणारे मासे दुकानातल्या टाकीत झगमगतात आणि घरी आणले की फिके वाटू लागतात. मग घेणारा काय करतो? आणखी मोठा दिवा लावतो. हा उपाय कितपत खरा, ते आज पाहू.

सूर्यप्रकाश समुद्रात शिरला, की पाणी त्यातले तांबडे किरण आधी शोषून घेते. सुमारे 10 मीटर खोलीवर तांबडा उजेड बहुतेक संपतो; निळा मात्र खोलवर पोचतो. म्हणून लालभडक मासा तिथे काळपट दिसतो. तोच मासा पांढऱ्या दिव्याखाली आणा, लाल दिसेल. नुसत्या निळ्या दिव्याखाली ठेवा, पुन्हा काळवंडेल. मासा तोच, बदलला तो दिवा.

पण त्वचेतला रंग येतो कुठून? क्लाऊन माशाचा नारिंगी रंग गाजरातल्या रंगद्रव्याच्या जातीचा, म्हणजे कॅरोटिनॉइडचा. ही द्रव्ये माशाला स्वतः घडवता येत नाहीत; ती अन्नातूनच मिळावी लागतात. दिवा कितीही प्रखर लावा, तो ही उणीव भरून काढणार नाही. निळ्याची गोष्ट निराळी. डॅमसेल माशाचा निळा रंग हे द्रव्यच नव्हे. पेशींतल्या सूक्ष्म, पातळ स्फटिकांवरून परावर्तित होणारा तो उजेड आहे. मँडरिन माशात मात्र खरे निळे रंगद्रव्य असते. ते 1995 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

मग दिव्याचा माशावर काहीच परिणाम होत नाही का? होतो, आणि तो डोळ्यांवाटे होतो. तळाशी पांढरी वाळू आणि वर झगझगीत उजेड असला, की पुष्कळ माशांच्या रंगपेशींतले काळे कण मध्यभागी गोळा होतात आणि मासा फिकट पडतो. सभोवार काळोखी असली की ते कण पसरतात, रंग गडद होतो. भोवतालात मिसळून शत्रूची नजर चुकवण्याची ही युक्ती! म्हणजे फिकेपणावर मोठा दिवा लावणारा गृहस्थ कधी कधी तो फिकेपणा वाढवतच असतो.

तेव्हा मासा फिका दिसला तर आधी त्याचे खाणे पाहा, टाकीचा तळ पाहा, लपायला कपार आहे की नाही ते पाहा. उष्ण कटिबंधात दिवस सुमारे 12 तासांचा असतो. दिवाही साधारण तेवढाच वेळ जळू द्या. रात्री पुष्कळ मासे झोपताना रंग उतरवतात, सकाळी पुन्हा चढवतात. रंग पाहण्याच्या हौसेपायी त्यांची रात्र मात्र हिरावून घेऊ नका.