खरा मार आणि बिब्ब्याचा डाग

वडनेर भोलजीकडे बिब्बा कोणाला ठाऊक नाही? बांधाच्या भांडणात एखादा त्याचे तेल अंगाला लावून ‘मला मारले’ म्हणतो. पण डॉक्टर ओळखतात. माराचा डाग आधी निळा, पाच-सहा दिवसांनी हिरवट, पुढे पिवळा होतो. बिब्ब्याचा डाग काळपट. त्याला खाज, पाण्याचे फोड, आणि लावणाऱ्याच्या बोटांवरही खुणा! स्वतः ओढलेले चरे उथळ, समांतर, हात पोचेल तिथेच. वरचा सदरा मात्र शाबूत. खोट्या आरोपाला १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २४८ आहे. पण ध्यानात ठेवा, खरा वळही कधी उशिरा उठतो, कधी उठतच नाही. म्हणून मार बसताच दवाखाना गाठा. खुणा पुसल्या, तर खरा माणूसच खोटा ठरायचा!