पऱ्हाटीच्या जाळावरचा आलुबोंडा

दिवाळी अंक हातात आला की मी आधी खाण्यावरचा लेख काढून वाचतो आणि जवळजवळ दरवर्षी माझा जीव तळमळतो. विदर्भाच्या नाश्त्यावर लिहायला निघालेला लेखक नागपुरात उतरतो, तर्री पोहे खातो, सावजीच्या रश्श्याने डोळ्यांत पाणी आल्याचं सांगतो, परतताना शेगावला कचोरी घेतो आणि तिथेच लेख संपवतो. यवतमाळच्या वाट्याला आली तर एक ओळ येते, ‘इथेही नागपूरसारखंच मिळतं.’ हे वाक्य मी गेली तीस वर्षं खोडत आलो आहे आणि हात चालतो तोवर खोडत राहणार आहे.

आमच्याकडचा नाश्ता हा नागपूरचा उतारा नव्हे. तो कापसाचा नाश्ता आहे. पिकवणारा, वेचणारी, बंडी हाकणारा आणि जिनात गाठी बांधणारा, या सगळ्यांच्या भुकेवर तो उभा राहिला. गिऱ्हाईक कापसाचं होतंच, पण भट्टीत जळायची तीही पऱ्हाटीच, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. कढीचं ताक ज्या म्हशीचं, तिच्या पुढ्यात सरकीची ढेप. आणि प्लेटचे पैसे यायचे विकलेल्या कापसाच्या चुकाऱ्यातून. नागपूरचे पोहे कचेरीला निघालेल्या माणसाचे, ऊन चढलं की संपणारे. आमच्या आलुबोंड्याचा घाणा रात्री दोनलाही निघायचा, कारण बंड्यांची रांग रात्रभर जागी असायची.

राज्यात कापूस एकाधिकार खरेदी, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायची योजना, १९७२ साली सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत मी शाळेत होतो. दिवाळी आटोपली की बाबा बंडीला तट्टे लावायचे, घरातला कापूस पायाने दाबून दाबून भरायचे आणि मला वर बसवायचे. मार्केटच्या फाटकापासून बंड्यांची ओळ रस्त्याच्या कडेने पार दिसेनाशी होईपर्यंत गेलेली असे. कधी एक रात्र काढावी लागे, कधी दोन. बैल सोडून बंडीला बांधायचे, पुढे कडबा टाकायचा आणि बंडीखाली घोंगडी पसरून पडायचं. थंडी अशी की कापसात हात खुपसून ठेवावे लागत. त्या रांगेच्या अंगाअंगाने हॉटेलं लागायची. हॉटेल म्हणजे मातीची भट्टी, एक कढई, दोन पातेली आणि बांबूला टांगलेला कंदील.

पऱ्हाटीचा जाळ ज्याने पाहिलाय त्यालाच त्या आलुबोंड्याचं मर्म कळेल. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते. लाकडासारखा निखारा ती धरून ठेवत नाही. त्यामुळे कढईशी एक माणूस आणि भट्टीच्या तोंडाशी दुसरा, अशी जोडी लागते. दुसरा मूठमूठ पऱ्हाटी आत सारत असतो. तेल तापलं की घाणा सोडायचा आणि जाळ उतरायच्या आत काढायचा. अशा जाळावर बेसनाचं आवरण जाड ठेवून चालतच नाही, ते आत कच्चं राहतं. म्हणून आमचा आलुबोंडा पातळ अंगरख्याचा. बटाटाही पार कुस्करून लगदा केलेला नसे. त्याच्या फोडी दाताखाली लागत, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, गोडलिंब आणि मूठभर सांबार. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. इडलीसोबतचं ते सांबार वेगळं.)

तळणारी बाई पळसाच्या पानांचा द्रोण डाव्या हातावर घ्यायची, त्यात दोन बोंडे ठेवायची आणि पळीच्या पाठीने एकदाच दाबायची. बोंडा फुटायचा, वाफ वर यायची आणि ती न बघताच विचारायची, “कढी टाकू का तर्री?”

बाबा म्हणायचे, “पोराले कढी दे न बाई. मले दोन्ही टाक.”

तर्रीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी लिहीत नाही. चण्याचा रस्सा, वर लाल तवंग, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी वकिली करत आलोय ती कढीची. आमची नाश्त्याची कढी जेवणातल्या कढीहून पातळ असते. ताक आंबट हवं पण जुनं नको, बेसन नावाला, हळद बेताची, आणि फोडणीत जिरं, गोडलिंब, उभी चिरलेली मिरची. ती उकळू द्यायची नाही आणि थंडही होऊ द्यायची नाही, म्हणजे सकाळभर पातेल्याशी कुणीतरी उभं राहायला हवं. तर्री तिखटाने तेल झाकते. कढी काहीच झाकत नाही, बोंडा जळकट तेलात तळला असेल तर पहिल्या घासाला कळतं. ज्या गाडीवर कढी चांगली, त्या गाडीवर डोळे मिटून काहीही खावं, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे. कढी ही बायकापोरांसाठी, तिखट न झेपणाऱ्यांसाठी ठेवलेली सोय आहे, असं लिहिणाऱ्या एका जाणकारांशी माझं यावरून जाहीर भांडण झालं होतं. ते मी अजून सोडलेलं नाही.

आता यवतमाळ शहराकडे येतो. नव्या माणसाने सुरुवात बसस्थानकाच्या परिसरातून करावी, तीही सकाळी सातच्या आत. मुक्कामी गाड्या सुटण्याआधी चालक-वाहक जिथे उभे राहून खातात, ती गाडी धरावी. रोज नवं गाव पाहणाऱ्या या मंडळींची जीभ फसत नाही. तिथून दत्त चौक. इथे मुंगवडे खावेत. मुगाची डाळ भरड वाटलेली, अख्खे धणे दिसतील अशी, सोबत मीठ लावून तळलेली मिरची. मुंगवड्यावर तर्री ओतायची नवी रीत मला मान्य नाही. त्याचा कुरकुरीतपणा हाच त्याचा जीव, तो रश्श्यात बुडवून काय मिळवता? मेन लाईनवर मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांच्या वस्तीने आणलेली जिलेबी-कचोरीची सकाळ आहे. रुईच्या व्यापाराने ही कुटुंबं इथे आली आणि त्यांच्यामागे त्यांचे आचारी आले. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी दाल-पकवान आणलं, ते आता सगळेच खातात. कळंब चौकाकडे रमजानच्या संध्याकाळी जावं. शिगेवरचे कबाब, नान आणि खजुराचे ढीग. त्या गर्दीत टोपीवाले जितके, तितकेच टिळेवाले माझ्या तरुणपणी असत. आजही असतात, हे मी दरवर्षी जाऊन बघतो आणि मला बरं वाटतं.

नवरात्राच्या नऊ रात्री हे सगळं एकत्र येतं. यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला लांबून माणसं येतात, रस्ते पहाटेपर्यंत वाहतात आणि एरवी दहालाच निजणारं हे गाव रात्री एक वाजता भजी खातं. मांडवांची स्पर्धा वाढली तशी गाड्यांची गर्दीही वाढली, पण त्या रात्रींत एक गोष्ट सांभाळली गेली. उपवास करणाऱ्यांसाठी साबुदाणा वडा वेगळ्या कढईत तळतात. त्या कढईत झारासुद्धा दुसरा घालत नाहीत.

तालुक्यांची धावती फेरी मारतो. वणीत कोळसा खाणींमुळे देशभराची माणसं आली, तिथे पाळी सुटायच्या वेळी पुरी-भाजी आणि चहा. रंगनाथस्वामींच्या यात्रेतला फराळ हा मात्र वेगळ्या लेखाचा विषय आहे. पांढरकवडा ते पाटणबोरी हा हैदराबादच्या राष्ट्रीय महामार्गाचा टापू. सीमेपलीकडे तेलंगण, त्यामुळे इडलीसोबत शेंगदाण्याची चटणी आणि अंगठ्याएवढ्या जाड मिरचीची भजी. टिपेश्वरला वाघ बघायला येणाऱ्यांसाठी आता बंद काचांची उपाहारगृहं निघाली आहेत. तिथे मला लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. आर्णीला बाबा कंबलपोशांच्या उरुसात एकदा जावं. पुसद, उमरखेड या भागावर मराठवाड्याची छाया आहे, भजी तिथे अधिक तिखट. एक खंत इथेच नोंदवतो. पुसद हा राज्याला वसंतराव नाईकांसारखा मुख्यमंत्री देणारा तालुका, आजूबाजूला तांडेच तांडे. पण बंजारा बायांच्या हातची भाकरी आणि भाजी पुसदच्या नाश्त्याच्या गाडीवर मी कधी पाहिली नाही. कोलाम आदिवासींच्या कण्यांचंही तेच. घरात जे रोज शिजतं, ते हॉटेलात मांडायची हिंमत आपण त्यांना कधी दिलीच नाही.

शकुंतलेवर मात्र थांबायलाच हवं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ही नॅरोगेज, इंग्रज कंपनीने कापूस वाहून न्यायला टाकलेली, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावलेली. तिचा वेग असा की दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावर उतरून भजी घ्यावीत, चहा प्यावा, कागद पुसून टाकावा आणि मग सावकाश डब्यात चढावं. त्या फलाटावरच्या कांदाभज्यांत कांदा पातीसारखा चिरलेला आणि बेसन जेमतेम. आता रुळांवर गवत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब हा ब्रॉडगेज मार्ग सुरू झाला. पुढे तो यवतमाळवरून नांदेडला जायचा आहे. गाडी येईल याचा मला आनंद आहे. पण ती दोन मिनिटं थांबेल, आणि दोन मिनिटांत घाणा निघत नाही.

जे गेलं ते कसं गेलं, हे लोक ‘पिढी बदलली’ म्हणून उडवून लावतात. मला ते पटत नाही. कारणं बोट ठेवून दाखवता येतात. पहिलं, रांग गेली. एकाधिकार मोडला, खासगी खरेदी वाढली, बंडीच्या जागी मालवाहू गाडी आली. सकाळी कापूस टाकायचा आणि दुपारी घरी. रात्र नाही तर रात्रीचा घाणाही नाही. दुसरं, शेतात सोयाबीन शिरलं आणि कढईत सोयाबीनचं तेल. भुईमुगाच्या तेलाचा तो वास ज्यांनी घेतला नाही त्यांना मी काय सांगू? तिसरं कारण पाण्याचं. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, शहरात कित्येक दिवसांआड नळ येई. बशा धुवायला पाणी कुठून आणायचं? गाड्यांवर फेकून द्यायच्या प्लेटा आल्या. त्याच वर्षी जूनमध्ये राज्यभर प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदीची कारवाई सुरू झाली. नेमकी तीच वेळ पळसाचा द्रोण परत आणायची होती. पानं तोडून, काडीने टाचून गठ्ठे विकणाऱ्या बाया तेव्हाही बाजारात बसत. मी तीन-चार गाडीवाल्यांना जाऊन भेटलो, दरही ठरवून दिला. दोघांनी महिनाभर चालवलं. मग चकचकीत कागदाचे द्रोण स्वस्तात आले. पुढे टाळेबंदी आणि लगोलग २०२१-२२ चा एसटीचा संप आला, आणि बसस्थानकाजवळची निम्मी ओळखीची माणसं धंदा सोडून गेली.

२०१९ च्या जानेवारीत इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्या तीन दिवसांत माझ्याकडे पाहुणे उतरले होते. पहाटे त्यांना घेऊन निघालो तर सगळ्यांना तर्री पोहेच हवे होते, कुठेतरी वाचलेले. मी हट्टाने त्यांना कढी-आलुबोंड्याच्या गाडीवर नेलं. त्यातल्या एका वयस्कर कवीने दुसऱ्या दिवशी मला साडेसहालाच उठवलं आणि ‘कढी संपायच्या आत चला’ म्हणाला.

ती गाडी आजही लागते. पत्ता छापत नाही, कारण गर्दी झाली की कढी पातळ होते. ज्यांना खरंच यायचं आहे त्यांनी मला पत्र टाकावं, मी सोबत येईन. भट्टी आता गॅसची आहे. पण मागच्या आठवड्यात, सीतादहीची पूजा करून केलेल्या पहिल्या वेचणीचा कापूस आला त्या सकाळी, तिथे एक शेतकरी सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन उभा होता. दोघांच्याही बाह्यांना कापसाचे तंतू चिकटलेले. गाडीवालीने कागदी द्रोणात बोंडा फोडला आणि विचारलं, “कढी का तर्री?” बाप मुलीकडे बघत राहिला. मुलगी म्हणाली, “दोन्ही.”