जुने ते सोने? ठेव मोडण्यापूर्वी तपासा

मागच्या हिवाळ्यात आमच्या रायपूरच्या शाखेत एक जुने खातेदार काका आले. दोन लाखांची मुदत ठेव त्यांना त्याच दिवशी मोडायची होती. कारण विचारले, तेव्हा त्यांनी रुमालातून एक पिवळे नाणे काढले. "ताई, सराफाकडे दाखवले. सोने अस्सल आहे. पाया खोदताना मजुराला असा हंडाच मिळालाय. राजाच्या वेळची नाणी, निम्म्या भावात देतोय."

आपल्या भागात अशी गोष्ट पटकन पटते, कारण तिला इतिहासाचा आधार आहे.

छत्तीसगडची सोन्याची नाणी

सुमारे हजार वर्षांपूर्वी त्रिपुरीच्या कलचुरी घराण्यातील गांगेयदेवाने बसलेल्या लक्ष्मीची छाप असलेली सोन्याची नाणी पाडली. याच घराण्याच्या एका शाखेने रतनपूरहून छत्तीसगडवर राज्य केले. जाजल्लदेव, रत्नदेव आणि पृथ्वीदेव या राजांच्या नाण्यांवर एका बाजूला नागरी अक्षरांत राजाचे नाव आणि दुसऱ्या बाजूला हत्तीवर झेपावणारा सिंह, म्हणजे गजशार्दूल, दिसतो. 1921 मध्ये बिलासपूरकडील सोनसरी गावी 600 सोन्याच्या नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात बहुतेक नाणी याच राजांची होती. पुढे 1741 मध्ये भास्करपंतांच्या स्वारीनंतर रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले.

म्हणजे अशी नाणी जमिनीत मिळू शकतात. पण मिळालेले नाणे कोणाचे, हे कायदा ठरवतो.

कायदा काय सांगतो?

1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेले, 10 रुपयांहून अधिक किमतीचे जुने धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. कळवणाऱ्याचे त्यात नुकसान नाही. खरा मालक पुढे आला नाही, तर शोधणाऱ्याला हिस्सा मिळतो. सरकारने ते धन स्वतःकडे घेतले, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. लपवणाऱ्याचा हक्क मात्र जातो आणि त्याला तुरुंगवासही होऊ शकतो.

1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे 'पुरावशेष' ठरते. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ते खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.

आता काकांचा सौदा पाहा. हंडा खरा असेल, तर व्यवहार बेकायदा. खोटा असेल, तर पैसे बुडाले. दोन्हीकडून तोटाच. या फसवणुकीत नमुन्याचे नाणे बहुतेक वेळा खरेच असते, कारण सराफाकडे तेच जाणार असते. उरलेली पितळी निघतात.

किंमत कशी ठरते?

जुन्या नाण्याला दोन किमती असतात: धातूची आणि संग्राहकाची. कलचुरींचे मोठे सोन्याचे नाणे जेमतेम 4 ग्रॅमचे असते. हिशेबापुरता भाव ग्रॅमला 10,000 रुपये धरला, तर शुद्ध सोन्याचे 40,000 होतात. पण जुने नाणे शुद्धच असते असे नाही. त्याच काळातील गाहडवाल राजा गोविंदचंद्राच्या नाण्यांत बरीच भेसळ आहे. शुद्धता 60 टक्के असेल, तर धातूचे 24,000 रुपयेच येतात.

त्यावरची रक्कम नाण्याची दुर्मिळता, त्याची स्थिती आणि योग्य गिऱ्हाईक यांवर अवलंबून असते. असे गिऱ्हाईक तुमच्या अडचणीच्या दिवशी भेटेलच असे नाही. सोनेतारण करतानाही वजन आणि शुद्धता पाहतात, नाण्याचे वय नाही. म्हणून नाणेसंग्रह हा छंद समजा, बचत नव्हे. बाजूला ठेवलेल्या पैशातून करा, मुलीच्या शिक्षणाच्या किंवा औषधपाण्याच्या पैशातून नको.

हे लक्षात ठेवा

• परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्या आणि पक्के बिल मागा.
• 'आजच पैसे द्या, कुणाला सांगू नका' असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबा.
• जुनी नाणी-नोटा विकण्यासाठी रिझर्व्ह बँक कोणाकडूनही शुल्क किंवा कमिशन घेत नाही. तिच्या नावाने पैसे मागणारा ठग समजा.
• ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच 1930 वर कळवा.
• लॉकरमधील वस्तूंचा विमा बँक काढत नाही. बिल आणि फोटो वेगळे जपा.
• छंद असेल, तर आधी महंत घासीदास स्मारक संग्रहालयात जाऊन खरी जुनी नाणी पाहा. 1875 पासूनचे हे संग्रहालय आपल्याच शहरात आहे.

काकांना मी एवढेच सुचवले: "त्याला सांगा, हंडा घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात भेटू." त्यांनी तसे सांगितले. त्यानंतर तो फोन लागलाच नाही. ठेव मुदतीपर्यंत राहिली.