मार्चअखेरचे पाहुणे

बँकेतील ३५ वर्षांत मार्च म्हणजे खातेबंदी. वसंत कधी आला नि गेला, ते कळलेच नाही. व्यापारी वाचकांना हे निराळे सांगावयास नको. यंदा मात्र मार्चमध्येच पत्नी आणि नातवासह गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो.

लाँच सुटताच कुरव पक्ष्यांचा थवा मागे लागला. हिवाळ्यात पांढरे असणारे त्यांचे डोके आता कित्येकांचे गडद तपकिरी झाले होते. ती विणीची चाहूल. थोड्याच दिवसांत ते लडाख-तिबेटच्या उंचावरील सरोवरांकडे निघणार. प्रवासी त्यांना मुठी भरभरून गाठ्या फेकत होते. जीवदया म्हणून आम्हीही घरून पिशवी आणलीच होती. नातवाने विचारले, "आजोबा, एवढं लांब उडायचंय, मग तळलेलं चालेल त्यांना?" कुरवाचा आहार मासे नि कीटक, तेल-मिठातले पीठ नव्हे. पिशवीची गाठ मी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरूडजवळचे फणसाड गाठले. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबांचे हे शिकारीचे रान. १९८६ पासून अभयारण्य. काटेसावरीच्या उरल्यासुरल्या लाल फुलांवर शिंजीर आणि बुलबुल यांची झुंबड होती. येथे पाणवठ्याला 'गाण' म्हणतात. अशाच एका गाणाजवळ तासभर निःशब्द बसलो. दुरून तांबटाची टुकटुक चालू होती. एवढ्यात लांब शुभ्र शेपटीचा स्वर्गीय नर्तक पाण्याला स्पर्शून वर गेला. येथे कोणी काही फेकत नव्हते, आणि पक्ष्यांचे काही अडतही नव्हते.

परतीच्या लाँचमध्ये शेजारच्या शेठजींनी गाठ्यांचा पुडा आपुलकीने पुढे केला. नाही म्हणताना मला संकोच वाटला. नातवाने मात्र त्यांना कारणासह सांगून टाकले.