विसरलेल्या लढती (भाग ६) : खाशाबांचा अर्धा तास

मागच्या भागात आपण शिकागोला होतो. २२ सप्टेंबर १९२७, जॅक डेम्प्सी आणि जीन टनी यांची मुष्टियुद्धाची दुसरी लढत. सातव्या फेरीत टनी खाली गेला, पण डेम्प्सी नियमाप्रमाणे लांबच्या कोपऱ्यात गेला नाही, म्हणून पंचांनी मोजणी उशिरा धरली. टनीला चार-पाच सेकंद जास्तीचे मिळाले. नवाच्या आकड्याला तो उठला आणि पुढे लढत जिंकला. त्या सेकंदांवर अमेरिकेत पुस्तके निघाली. आपल्या एका पैलवानाचा तर अख्खा अर्धा तास गेला. त्याची गोष्ट आज.

आधी आपल्या मातीतली एक रीत लक्षात घ्या. श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या पट्ट्यात जत्रा म्हटली की हगामा, म्हणजे कुस्त्यांचा फड, आलाच. पंच जोड लावतात, हलगी कडाडते, इनाम पुकारले जाते. पाठ टेकली की नाही याबद्दल शंका आली, तर हरलेल्या गड्याचा वस्ताद फेटा सावरत थेट आखाड्यात उतरतो. मागून त्याचे गाव उतरते. गलका होतो, पंच एकमेकांकडे बघतात आणि बऱ्याचदा कुस्ती पुन्हा लावतात, नाहीतर बरोबरीत सोडवतात. या पद्धतीत दांडगाई आहे, हे मला मान्य आहे. पण पैलवान तिथे एकटा नसतो.

खाशाबा जाधव एकटे पडले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तो मातीतून थेट मॅटवर. तरीही फ्लायवेट गटात सहावा आला. पुढची चार वर्षे त्यांनी हेलसिंकी ऑलिंपिकचा ध्यास घेतला. १९५२च्या निवडीआधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देऊन डावलले, असे खाशाबांचे म्हणणे होते. त्यांनी पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. महाराज भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि खेळाचे शौकीन. त्यांनी चाचणीत संधी मिळवून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. भारताच्या क्रीडा इतिहासातली ही फार मोठी परतीची कुस्ती आहे, पण तिचा उल्लेख एका ओळीत उरकतात.

पैशांची अडचण होतीच. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावोगाव वर्गणी झाली. खाशाबा हेलसिंकीला पोचले, बॅंटमवेट गटात उतरले आणि कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले.

तेव्हाची पद्धत आजच्यासारखी बाद फेरीची नव्हती. पराभवाचे वाईट गुण साठत जायचे आणि शेवटी उरलेले मल्ल आपसात भिडायचे. खाशाबांसमोर आधी जपानचा शोहाची इशी आला. हा मूळचा ज्युदोवाला. लढत लांबली, खाशाबा गुणांवर हरले. (हेलसिंकीत जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक याच इशीचे.) घाम वाळायच्या आत त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो बोलून दाखवायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी मॅटजवळ हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. मामेदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य.

इशीकडून झालेला पराभव मला खटकत नाही. तो गडी त्या दिवशी सरस होता. मामेदबेयोवबरोबरची लढत मात्र मी बरोबरीची धरत नाही. दोघांनी सारखा श्वास घेऊन लढायचे, ही कुस्तीची पहिली अट, तीच तिथे पाळली गेली नाही. गावच्या हगाम्यात जे काम वस्ताद करतो, ते हेलसिंकीत करायला कुणी नव्हते. मद्रासच्या अन्यायावर तरी एका राजाच्या मर्जीने उपाय निघाला. हेलसिंकीत तेवढेही नशिबात नव्हते, आणि मामेदबेयोवशी पुन्हा जोड लागलीच नाही.

परतल्यावर कऱ्हाड ते गोळेश्वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांचे फड लावून पैसे जमवले आणि खर्डेकरांचे घर सोडवले. पुढे मुंबई पोलिसात गेले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडले, अटलांटात लिएंडर पेसचे.

पुढच्या आठवड्यात हरिश्चंद्र बिराजदार आणि सतपाल यांची १९७७ची बेळगावची कुस्ती. आपल्या भागातून ती बघायला कुणी गेले असेल, घरात त्या काळचे हँडबिल किंवा कात्रण जपले असेल, तर जरूर कळवा. हातातला डाव कोणता, वेळ किती, पंच कुठे उभे होते, जे आठवते ते लिहून पाठवा.