घड्याळात साडेपाच तास, आसनावर सोळा

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाल्या होत्या, म्हणून तपासणीला आल्या. वय ६२, मधुमेह आणि वजनही जास्त. मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, तीन महिन्यांची औषधे लिहून दिली. "डॉक्टर, प्रवास काही फार नाही," तिकीट दाखवत त्या म्हणाल्या, "रात्री एकला मुंबई सोडायची, सकाळी साडेसहाला न्यूयॉर्क." मीही मान डोलावली. माझी चूक तिथेच झाली.

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. फेब्रुवारीत तिथले घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. त्यामुळे तिकिटावर साडेपाच तास दिसले, तरी बसायचे होते सोळा तास. त्याआधी आमच्या गावाहून मुंबईपर्यंतचे आठ तास वेगळेच. बाईंची जागा खिडकीजवळ. शेजाऱ्यांना उठवायचा संकोच, म्हणून त्या उठल्या नाहीत आणि पाणीही बेतानेच प्यायल्या.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आईची डावी पोटरी सुजली आहे, दुखते आहे, तेल लावून चोळू का? मी म्हटले, "अजिबात चोळू नका, आधी रुग्णालयात न्या." शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती सुटून फुफ्फुसात गेली असती, तर जिवावर बेतले असते. उपचार वेळेवर झाले आणि बाईंनी नातवाला मांडीवर घेतले.

वाचकहो, पायातले रक्त वर ढकलण्याचे काम पोटरीचे स्नायू करतात. तासन् तास पाय लोंबते ठेवून बसले की ते काम मंदावते. चार तासांहून लांबच्या प्रवासात गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितले. निरोगी माणसाला हा धोका थोडाच असतो. परंतु स्थूल व्यक्ती, गरोदर स्त्रिया, कर्करोगाचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले किंवा पूर्वी गुठळी झालेले यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बस, रेल्वे आणि मोटारीलाही हेच लागू आहे.

शक्यतो कडेची जागा घ्यावी. तास-दोन तासांनी उठून फिरावे, बसल्याजागी टाचा व चवडे वर-खाली करावेत, पाणी पीत राहावे. झोपेची गोळी घेऊन आखडून झोपू नये. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो, परतताना आखूड होतो. म्हणून इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. प्रवासानंतर काही आठवड्यांत एकच पाय सुजला, धाप लागली किंवा छातीत दुखले, तर थांबू नये.

आता परदेशी निघालेल्याला मी साखरेच्या आधी एकच प्रश्न विचारतो, "सलग किती तास बसणार?"